सही नाही, तर राजीनामा नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. हेतू: डोकं शांत ठेवणे. डोकं तसं शांतच आहे. हात थोडे कापतायत, पण ते चहामुळे.

सकाळी पॉलिशवालीने राजीनामा दिला. या वर्षातला चौथा. आमची लॅब दातांची. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही कवळ्या आणि कॅप बनवून देतो. माझ्या विभागात सात माणसं होती, आता तीन. चौथा मी, पण मी प्रमुख असल्यामुळे मला माणसांत धरत नाहीत.

अकराला मॅडमनी बोलावलं. मॅडम लॅबच्या मालक आणि स्वतः दातांच्या डॉक्टर, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतात. म्हणाल्या, दोन गोष्टी. एक, कर्मचारी राजीनामे का देतात यावर महिनाअखेरपर्यंत लेखी रिपोर्ट द्या. दोन, वर्ष संपायच्या आत आणखी एक जण गेला तर त्याच्या मागोमाग तुम्ही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझी दातखीळ बसली.

घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

चौघांचे फॉर्म काढून वाचले. 'कारण' या रकान्यात चौघांनीही एकच शब्द लिहिलाय: घरगुती. म्हणजे उघड आहे. दोष विभागात नाही, यांच्या घरांत आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, चौघांच्या घरी एकाच वर्षात काय पेटलं? हिला ऑफिसातलं कळत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चोपन्नाव्या वर्षी कोण विचारतंय? मागची नोकरी गेली तेव्हा आठ महिने घरी होतो. दारावरची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जायचो आणि बायको सांगायची, हे टूरवर आहेत. शेजारी विचारायचे, टूरवर आहेत तर यांच्या चपला कशा बाहेर? ते दिवस पुन्हा नकोत. काय वाट्टेल ते झालं तरी नकोत.

उरलेले तिघे म्हणजे भट्टीवाला, प्लास्टरवाला आणि मेणाच्या टेबलावरच्या ताई. ताई म्हणजे लॅबचा कणा. मेणात दात बसवावा तर त्यांनीच. डॉक्टर फोन करून सांगतात, काम ताईंच्याच हातचं हवं. पण ताईंची मला काळजी नाही. सतरा वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केलेली नाही. अर्थात मी विचारलेलंही नाही.

संकल्प: रोज अकरा आणि चार वाजता प्रत्येकाच्या मागे पाच मिनिटं उभं राहून 'शाब्बास' म्हणणे. मागे मी पूर्वीपासूनच उभा राहतो, लोकांना आधार वाटतो. शाब्बास नवीन.

पहिला शाब्बास भट्टीवाल्याला दिला. तो असा दचकला की नऊ कॅपचा ट्रे फरशीवर. माणसाला कौतुकाची सवय नसली की असं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

निनावी प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नसलं की लोक मोकळेपणी लिहितात. कोणाची कोणती ते कळावं म्हणून तीन रंगांचे कागद वापरले.

ताई (गुलाबी): काही तक्रार नाही. प्लास्टरवाला (पिवळा): काही तक्रार नाही. भट्टीवाला (निळा): साहेबांनी मागे उभं राहू नये.

सूचना ताबडतोब अमलात आणली. दुपारपासून समोर उभा राहतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, सायं. ५.१०

हात कापतोय. चहा घेतलेला नाही.

आत्ता ताई केबिनच्या दारात आल्या. हातात पांढरं पाकीट. म्हणाल्या, साहेब, दोन मिनिटं बोलायचं होतं.

गेलेल्या चौघांनीही सुरुवात याच वाक्याने केली होती. चौघांच्याही हातात पाकीट होतं. एकदम काही सुचेना म्हणून गाल धरला आणि कण्हलो. दाढ, दाढ, असं काहीतरी म्हणालो. ताई म्हणाल्या, अगंबाई, मग राहू दे, उद्या बोलू.

प्रसंगावधान म्हणतात ते हेच. बायको उगाच म्हणते की मला ऐन वेळी सुचत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ताईंनी काळजीपोटी मॅडमना सांगितलं. मॅडमनी काळजीपोटी मला खुर्चीत बसवलं. दिवा डोळ्यांवर. म्हटलं, आता दुखत नाही. म्हणाल्या, दुखायचं थांबलंय म्हणजे जास्त वाईट. उजवीकडची अक्कलदाढ पूर्ण किडलेली निघाली. काढली.

म्हणजे मी खोटं बोललोच नव्हतो. मला फक्त ते माहीत नव्हतं.

कागदावर लिहून मिळालं: दोन दिवस बोलायचं नाही. कागद खिशात ठेवलाय. साडेपाचला ताई पाकीट घेऊन आल्या, त्यांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलू नका, मीच बोलते, तुम्ही फक्त वाचा. मी डोळ्यांकडे बोट केलं. डोळ्यांचं कागदावर काहीच नव्हतं, पण त्या भल्या बाई, निघून गेल्या. जाताना दोनदा घड्याळ बघितलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

घरी. बायको म्हणाली, असेल तेवढी अक्कल पण काढून आलात. बोलायची मनाई असल्यामुळे उत्तर देता आलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

सापडलं!

नियमांची जुनी फाइल काढली होती. नियम चौदा: राजीनामा विभागप्रमुखाने स्वतः स्वीकारून तारखेसह सही केली, तरच तो दिलेला समजला जाईल.

तीनदा वाचलं. सही माझी. मी सही केली नाही तर राजीनामा नाही. माझ्या हातात पाकीटच आलं नाही तर सहीचा प्रश्न नाही. आणि मीच सापडलो नाही तर पाकिटाचा प्रश्न नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत काय ते निभवायचं. अवघे बावन्न दिवस.

इतकी साधी गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांना का सुचत नाही?

बुधवार, १२ नोव्हेंबर

नवीन वेळापत्रक. सकाळी साडेसातला, सगळ्यांच्या आधी पोचणे. मागच्या जिन्याने वर. दिवसभर केबिनला कडी. पाचनंतरची वेळ धोक्याची, कारण ताई तेव्हाच येतात. तेव्हा साच्यांच्या खोलीत.

या खोलीत गेल्या वीस वर्षांतल्या पेशंटचे प्लास्टरचे साचे ठेवलेत. भिंतभर फळ्या, फळ्यांवर जबडे. वरचा, खालचा, वरचा, खालचा. दिवा लावला तर दाराखालून उजेड दिसेल, म्हणून अंधारात बसतो. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग असं वाटायला लागलं की सगळे जबडे माझ्याकडे बघतायत. जबड्यांना डोळे नसतात हे मला माहीत आहे. तरी वाटलं.

पाचला आत गेलो, सव्वासहाला बाहेर. घरी पाणी मागितलं तर बायको म्हणाली, अहो, पांढरेफटक पडलाय. प्लास्टरची पूड होती. बहुतेक.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चहा देणारे मामा म्हणाले, ताई रोज विचारतात, साहेब कुठे असतात हो? मी मामांना सांगून ठेवलंय: साहेब मीटिंगमध्ये आहेत. मामा म्हणाले, कोणाबरोबर? खोलीत तर तुम्ही एकटेच असता. मी म्हणालो, एकट्याच्या मीटिंगला प्लॅनिंग म्हणतात. मामा म्हणाले, साहेब, त्या बाईचं काहीतरी नडलंय, एकदा ऐकून तर घ्या. ऐकून घेतलं की संपलंच, मामा! हे मोठ्याने म्हणालो नाही.

रिपोर्ट जोरात. अठरा पानं झाली. प्रकरण तीन: 'घर, एक अडथळा'.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजचं क्रमाने लिहितो.

पाच वाजून पाच मिनिटं. साच्यांच्या खोलीकडे निघणार तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. ताईंचीच, त्या डावा पाय किंचित ओढतात. कडी होती. श्वास रोखून बसलो. त्यांनी टकटक केलं. मग दाराखालून पांढरं पाकीट आत आलं.

हात लावला तर स्वीकारलं असं होईल. फूटपट्टी घेतली, गुडघ्यांवर बसलो आणि हळूच पाकीट बाहेर ढकललं. वाऱ्याने जावं तसं. केबिनला खिडकी नाही हे नंतर लक्षात आलं.

पाकीट परत आत आलं. मी परत बाहेर ढकललं. ते पुन्हा आलं. या वेळी मी ढकलायला लागलो तर पलीकडून त्यांनी धरून ठेवलं होतं. दाराच्या एका बाजूला मी गुडघ्यांवर, दुसऱ्या बाजूला त्या, बहुतेक त्याही गुडघ्यांवर. शेवटी त्यांनीच सोडलं. पाकीट बाहेर गेलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, बरं साहेब.

दाराखालच्या फटीत नियमांची फाइल लावून ठेवली. बरोब्बर बसली.

थोडं वाईट वाटलं. पण मी हे त्यांच्याच भल्यासाठी करतोय. सतरा वर्षांची नोकरी कोणी अशी सोडतं का?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लॅबमधलं प्लास्टर संपलं. दोन दिवस काम बंद. प्लास्टरवाला म्हणे आठवडाभर मागणीचा कागद घेऊन माझ्या मागे फिरत होता. मी त्याला कागदासकट येताना पाहून दोनदा जिना उतरलो होतो. कागद बघितला की आता पाय आपोआप चालतात. मला काय माहीत त्यात प्लास्टर आहे?

मॅडम म्हणाल्या, तुमचं चाललंय काय? म्हटलं, रिपोर्ट. त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडात बघितलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काल ताई आल्या नाहीत. न कळवता रजा, सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी काल पाचला केबिनमध्येच बसलो, दिवा लावून, पाय पसरून. फार बरं वाटलं.

आज आल्या. डोळे सुजलेले. सर्दी असावी, हवा बदलतेय. पाच वाजले, साडेपाच झाले. पाकीट नाही. टकटक नाही. सहाला पर्स घेऊन सरळ गेल्या, माझ्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

जिंकलो! बाई विचार बदलून शांत झाल्या. थोडा धीर धरला की माणसं आपणहून ताळ्यावर येतात. रिपोर्टमध्ये प्रकरण सात म्हणून घातलं: 'धीर'. एकूण बेचाळीस पानं. बायकोला सांगितलं, पुढच्या आठवड्यात कुठेतरी फिरायला जाऊ. तिने कपाळाला हात लावून बघितला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मॅडमनी बोलावलं. रिपोर्ट बाइंडिंग करून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि ड्रॉवरमधून दोन कागद काढून माझ्यापुढे सरकवले.

दुसरा कागद आधी वाचला, कारण त्यावर मोठ्या अक्षरांत राजीनामा लिहिलं होतं. ताईंचा. म्हटलं, नियम चौदा, माझी सही नाही. मॅडम म्हणाल्या, तो नियम मीच लिहिलाय, आणि आता मीच खोडलाय. सही माझी आहे. एक महिन्याची मुदतही माफ केली, शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस.

'कारण' या रकान्याकडे बघितलं. घरगुती असेल अशी फार आशा होती. लिहिलं होतं: साहेब भेटले नाहीत.

मग पहिला कागद वाचला. तारीख ६ नोव्हेंबर. घडी घालून घालून मऊ पडलेला, एका कडेला फूटपट्टीचा ओरखडा. राजीनामा नव्हताच तो. साधा अर्ज होता. आईला सांभाळणारी बाई साडेपाचला जाते. मी घरी पोचेपर्यंत आई एकटी असते आणि तिला हल्ली काही आठवत नाही, दार उघडून बाहेर पडते. दुसरी बाई मिळेपर्यंत, महिनाभर, सहाऐवजी साडेपाचला जाऊ द्यावं. सकाळी अर्धा तास लवकर येईन. कृपया सही व्हावी.

मी एका मिनिटात सही केली असती. देवाशपथ केली असती.

मॅडम म्हणाल्या, मंगळवारी संध्याकाळी त्यांची आई बाहेर पडली ती बुधवारी सकाळी सापडली, एका बंद दुकानाच्या पायरीवर. आता ती ठीक आहे, पण ताईंचा भाऊ येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला. मग म्हणाल्या, तुमची ती बेचाळीस पानं घेऊन जा. मला रिपोर्ट तीन शब्दांत मिळालाय. तुमचं काय करायचं ते शुक्रवारी सांगते.

बाइंडिंग केलेला रिपोर्ट काखेत धरून जिना उतरलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ताईंच्या टेबलाशी गेलो. स्वतःहून, समोरून. त्या मेणात दात बसवत होत्या. मी म्हणालो, ताई, साडेपाचला जा. पाचला जा. चारला जा. त्या म्हणाल्या, साहेब, आता अर्ध्या तासाने काय होणार, आई दोनशे किलोमीटर लांब आहे. तिथे ती जेवत नाही, मलाच हाक मारते म्हणे. मीच जाते तिकडे.

मी म्हणालो, मला वाटलं राजीनामा आहे. त्या म्हणाल्या, मला कळलं होतं ते. दारातून ओरडून सांगणार होते, पण घरचं असं ओरडून कसं सांगायचं?

त्या चिडतील असं धरून गेलो होतो. उत्तरंही तयार होती. त्या चिडल्याच नाहीत. मेणाची सुरी पुसून ठेवली आणि विचारलं, साहेब, तुम्ही एवढं कशाला घाबरता हो?

मला सांगता आलं नाही. आता घरी बसून तासभर विचार केला, लिहायलाही जमत नाही. मी मामांना ओळखतो, ताईंना सतरा वर्षं नाही तरी अकरा वर्षं ओळखतो, यांच्यातलं कोणीच मला खाणार नव्हतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चार दिवस जेवण नाही. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नोकरी जाताना नीट दिसावं.

नोकरी गेली नाही.

मॅडम म्हणाल्या, काढणारच होते. ताई मध्ये पडल्या. म्हणाल्या, माणूस वाईट नाही, भित्रा आहे, घरी बसवलंत तर खचेल. भट्टीवाला आणि प्लास्टरवाला सोमवारपासून थेट मॅडमच्या हाताखाली. मेणाचं काम बाहेर द्यायचं. माझी केबिन राहील, पाटीही राहील, पगारही. फक्त विभागात माणसं नसतील.

चांगली बाजूही बघितली पाहिजे. आता माझ्या विभागातून कोणी राजीनामा देऊच शकत नाही. प्रमाण शून्यावर आलं. हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, दार ओढून घ्या जाताना.

बायकोला सांगितलं, नोकरी वाचली. ती आनंदाने काहीतरी म्हणणार होती, पण माझ्याकडे बघून पान वाढायला उठली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ताईंचा शेवटचा दिवस. दुपारी भट्टीवाला, प्लास्टरवाला, मामा त्यांच्या टेबलाभोवती जमले होते. हसण्याचे आवाज येत होते. मी दारापर्यंत गेलो, मग आठवलं की मला कोणी बोलावलेलं नाही.

संध्याकाळी त्या केबिनमध्ये आल्या. दार उघडंच होतं. निघण्याच्या कागदांवर विभागप्रमुखाची सही लागते, तीन प्रती. सवयीने हात फूटपट्टीकडे गेला, पण मी उभा राहून कागद घेतले आणि तिन्हींवर सह्या केल्या. ताई म्हणाल्या, साहेब, किती पटकन सही केलीत आज. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

म्हणालो, ताई, आज तुम्ही अर्धा तास लवकर निघा, मी बघतो काय ते.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. थँक यू साहेब, म्हणाल्या, आणि गेल्या.